फ्रीजमधली लस, खवळलेला समुद्र

दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन दा कुन्या बेटावर जेमतेम अडीचशे माणसं. विमानतळ नाही, केप टाउनहून बोटीने आठवडाभर लागतो. एप्रिल २०२१मध्ये ब्रिटिश नौदलाच्या ‘फोर्थ’ जहाजाने इथे करोनाची लस आणली. ॲस्ट्राझेनेकाची, म्हणजे पुण्यात ‘कोव्हिशील्ड’ नावाने बनली तीच. ती २ ते ८ अंशांत, साध्या फ्रीजमध्ये टिकायची, म्हणून जमलं. उणे ७० अंश मागणारी लस इथे कुठली झेपायला! खरी मेख शेवटच्या टप्प्यात. बंदर एवढंसं, मोठं जहाज बाहेरच नांगर टाकतं. समुद्र खवळला की माल उतरवणं लांबलंच. लस घेणाऱ्यांची यादी करणं मात्र सोपं: गावही एकच, दवाखानाही एकच. कुपी उघडली की सहा तासांत संपवावी लागायची, म्हणून माणसं आधी बोलवायची, कुपी नंतर उघडायची.