हौदाचें पाणी : निर्मळ दिसणें व निर्मळ असणें

आपल्या श्रीगोंदा तालुक्यांतील खेड्यांतून मुलें पोहावयास शिकत आलीं तीं विहिरींत. पाठीस वाळलेला भोपळा बांधावयाचा आणि कांठावरील वडील माणसाच्या भरंवशावर पहिली उडी घ्यावयाची, अशी ही जुनी शाळा. घोड व कुकडी यांच्या कालव्यांनीं मळे भिजूं लागल्यावर आतां एखादा गृहस्थ घराशेजारीं पोहण्याचा पक्का हौदहि बांधून घेतो. पहिले कांहीं दिवस त्याचें पाणी आरशासारखें असतें. पुढें त्यावर हिरवट झांक येते, भिंती बुळबुळीत होतात, आणि विहिरीचें पाणी टिकतें तर हौदाचेंच कां बिघडावें, या कोड्यांत घरची मंडळी पडतात.

याचें उत्तर सोपें आहे. विहिरीस झरे असतात. उपसा चालू असला म्हणजे जुनें पाणी जातें व नवें येतें. हौदास झरा नाहीं. अंगाचा घाम, वाऱ्याची धूळ, झाडाचा पाला, सर्व कांहीं त्यांतच सांठतें. झऱ्याचें हें काम तेथें मनुष्यानेंच करावयाचें असतें. त्याचे भाग तीन : पाणी गाळणें, जंतु मारणें व पाण्याचा तोल राखणें.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. नितळ पाणी शुद्ध असतेंच असें नाहीं. हा धडा आपल्या देशास नारूनें शिकविला. पायऱ्यांच्या विहिरींत लोक उतरून पाणी भरीत. नारू झालेल्या मनुष्याचा पाय पाण्यांत बुडाला कीं कृमीचीं पिलें पाण्यांत सुटत, तीं बारीक जलकीटकांच्या पोटांत शिरत, आणि तें पाणी पिणाऱ्याच्या अंगांतून सुमारें वर्षानें नारू बाहेर पडे. पाणी मात्र नितळच दिसे. पायऱ्या बंद करणें, पाणी फडक्यानें गाळून पिणें, विहिरींत औषध टाकणें अशा साध्या उपायांनीं हा रोग हटला. इ. स. १९९६ नंतर भारतांत त्याचा रोगी आढळला नाहीं, व इ. स. २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें देश नारूमुक्त ठरविला.

आतां गाळण्याविषयीं. पंपानें पाणी खेंचून वाळूच्या थरांतून सोडावें व परत हौदांत आणावें. सर्व पाणी सहा ते आठ तासांत एकदां गाळलें जाईल इतका पंप असावा व तो रोज तितका वेळ चालवावा. गाळणीवरील दाब वाढला म्हणजे वाळूंत गाळ सांचला असें समजून उलट प्रवाहानें ती धुवावी. कालव्याच्या गढूळ पाण्यांतील माती तुरटीनें खालीं बसते; परंतु तुरटी फिरविली म्हणजे जंतु मेले, असें मानूं नये.

जंतु मारण्याचें काम क्लोरीन करतो. हौदांत तो दर लिटरास १ ते ३ मिलिग्रॅम असावा. ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद व दीड मीटर खोल हौदांत २७,००० लिटर पाणी मावतें. दर लिटरास २ मिलिग्रॅम प्रमाणें त्यास ५४ ग्रॅम क्लोरीन लागेल. ताज्या ब्लीचिंग पावडरींत शेंकडा ३३ क्लोरीन धरल्यास ती सुमारें १६४ ग्रॅम घ्यावी लागेल. बादलींत कालवून निवूं द्यावी व वरचें पाणी तेवढें हौदांत ओतावें. उन्हानें क्लोरीन झपाट्यानें नाहींसा होतो. म्हणून ही पावडर सूर्यास्तानंतर टाकावी. जुनी पावडर निर्बल होते. यास्तव हिशेबावर न विसंबतां तपासणीच्या पेटीनें रोज पाहावें.

तिसरी गोष्ट तोलाची, आणि येथेंच पुष्कळ जण चुकतात. पाणी आम्ल आहे कीं अल्कधर्मी आहे हें पी. एच. नामक अंकानें मोजतात. सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञानें इ. स. १९०९ मध्यें ही रीत घालून दिली. हा अंक ७ असतां पाण्यांतील क्लोरीनचा सुमारें तीनचतुर्थांश भाग जंतु मारण्यास समर्थ अशा रूपांत असतो, ७.५ असतां निम्मा, आणि ८ झाला कीं जेमतेम एकचतुर्थांश. म्हणजे क्लोरीन पुरेसा टाकूनहि तो आळशासारखा पडून राहतो. म्हणून हा अंक ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान ठेवावा.

आपल्या काळ्या पाषाणांतील विहिरींचें पाणी बहुधा जड असतें. त्यांत डाळ लवकर शिजत नाहीं, साबणास फेस येत नाहीं, व भांड्यांवर पांढरा थर बसतो. ब्लीचिंग पावडरींतहि चुना असतो. दोहोंच्या योगानें पी. एच. चढतो, आणि पाणी दुधाळ होतें. मग सौम्य केलेलें हायड्रोक्लोरिक आम्ल थोडें थोडें घालून तो उतरवावा लागतो. हें काम जाणत्या मोठ्या माणसानेंच करावें. आम्ल पाण्यांत घालावें, पाणी आम्लांत कधींहि नाहीं. आणि आम्ल व ब्लीचिंग पावडर एकत्र येऊं देऊं नयेत, कारण त्यांतून विषारी वायु निघतो.

पोहणाऱ्यांचेंहि कर्तव्य आहे. हौदाचा उग्र वास आला कीं औषध अधिक झालें असें लोक म्हणतात. बहुधा तो घाम व मूत्र यांशीं क्लोरीनचा संयोग झाल्याचा वास असतो. म्हणून आधीं स्नान करून मगच हौदांत उतरावें. तळ स्पष्ट दिसत नसेल त्या दिवशीं कोणींहि उतरूं नये. गढूळ पाण्यांत बुडालेलें मूल कांठावरून दिसत नाहीं. आणि पाणी कितीहि स्वच्छ असो, मोठें माणूस जवळ असल्यावांचून मुलांनीं हौदाकडे फिरकूं नये.

हौद बिघडला तर उपसून पुन्हां भरावा, असें कोणी म्हणेल. परंतु आपला तालुका अवर्षणाचा आहे. खेड्यांतील माणसामागें रोज ५५ लिटर पाणी मिळावें, असें प्रमाण इ. स. २०१९ मध्यें सुरू झालेल्या जल जीवन मिशननें धरलें आहे. त्या हिशेबानें वर सांगितलेल्या हौदाचें २७,००० लिटर पाणी पांच माणसांच्या कुटुंबास सुमारें ९८ दिवस पुरेल. एकदां भरलेलें पाणी रोजच्या थोड्या काळजीनें दीर्घकाळ चांगलें राखतां येतें. ज्याच्या अंगणांत असा हौद आहे, त्यानें ही काळजी आपल्या मुलांकरितां घ्यावी, आणि ज्यांस दूरवरून हंडा आणावा लागतो अशा शेजाऱ्यांकरितांहि घ्यावी.