टिपणांची उजळणी

परीक्षा जवळ आली कीं विद्यार्थी टिपणवही काढतो आणि तींच तींच पानें वाचूं लागतो. तिसऱ्या वाचनाला प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि विषय तयार झाला असा त्याचा समज होतो. प्रश्नपत्रिका हातीं पडल्यावर मात्र लेखणी अडते. ओळखणें आणि आठवणें या दोन निराळ्या क्रिया आहेत. नुसत्या वाचनानें पहिलीच बळावते.

विस्मरणाचें पद्धतशीर मोजमाप जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यानें केलें. निरर्थक अक्षरसमूहांच्या माळा त्यानें स्वतः पाठ केल्या आणि कांहीं काळानें त्या पुन्हां पाठ करतांना किती श्रम वाचतात हें मोजलें. १८८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाप्रमाणें एका तासानें निम्म्याहून कमी, एका दिवसानें सुमारें एकतृतीयांश आणि महिन्यानें सुमारें एकपंचमांश श्रम वाचले. गळती मोठी होते ती आरंभींच; म्हणून पहिली उजळणी दुसऱ्या दिवसापलीकडे ढकलूं नये. एका बैठकींतील ६८ आवृत्तींचें काम तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्तींनीं झालें, हीही त्याचीच नोंद. आदल्या रात्रीं जागरण करणारांनीं हा हिशेब अवश्य पाहावा.

उजळणी करावयाची ती वही मिटून. रोडिगर व कार्पिके या अमेरिकन संशोधकांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कांहीं विद्यार्थ्यांनीं एक उतारा पुन्हां वाचला, तर कांहींनीं तो न पाहतां आठवेल तेवढा लिहून काढला. पांच मिनिटांनीं वाचणारांना ८१ टक्के मजकूर आठवला, लिहिणारांना ७५. आठवड्यानंतर पारडें फिरलें: वाचणारे ४२, लिहिणारे ५६.

महाराष्ट्रांतील घरोघरीं तिन्हीसांजेला होणारा परवचा याच जातीचा होता. पाढे न पाहतां म्हणावयाचे, आणि चूक वडीलधाऱ्यांनीं तेथल्या तेथें सुधारावयाची. घोकंपट्टी म्हणून त्याला पुढें नांवें ठेवली गेलीं. अर्थ न कळतां पाठ करण्यावरचा आक्षेप रास्तच. परंतु त्याबरोबर ही चांगली संवयही गेली.

टिपण घेतांनाच डावीकडे रुंद समास सोडावा व त्यांत मजकुरावरील प्रश्न लिहावे. ‘पानिपतची लढाई, १७६१’ एवढ्यानें भागत नाहीं. ‘मराठी सैन्याची रसद कशी तुटली?’ असा प्रश्न हवा. मग मजकूर कोऱ्या कागदानें झांकून उत्तर मोठ्यानें सांगावें आणि ताडून पाहावें. चुकलेल्या प्रश्नांवर खूण करून दुसऱ्या दिवशीं तेथूनच आरंभ करावा. बरोबर आलेले आठवड्यानें घ्यावे. उत्तर अडलें तरी कागद लगेच उचलूं नये. मिनिटभर तरी आठवण्याची खटपट करावी.