चावरा घोडा

रायगड जिल्ह्यात माथेरान नावाचे थंड हवेचे ठिकाण आहे. तेथे पाहुण्यांच्या मोटारी गावात जाऊ देत नाहीत. त्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. तेथून कोणी चालत जातात, कोणी छोट्या आगगाडीने किंवा ई-रिक्षाने जातात, तर कोणी घोड्यावर बसून जातात. नाक्यावर तांबडे, काळे, पांढरे असे घोडे उभे असतात. मुलांना ते फार आवडतात. घोड्याच्या नाकावरून हात फिरवावा, त्याला काहीतरी खाऊ घालावे, असे त्यांना वाटते.

अशा वेळी एखादा घोडा मान वळवतो. आधी तो हाताचा वास घेतो. मग ओठांनी सदऱ्याची बाही चाचपतो आणि एकदम दातांनी चिमटा काढतो! मूल ओरडते. घोडेवाला घोड्यावर खेकसतो. पाहणारे म्हणतात, "हा घोडा द्वाड आहे."

खरेच का तो द्वाड असतो? घोडा माणसाला तोंड का लावतो आणि ती सवय कशी मोडायची, ते आपण पाहू.

तुम्हांला एखादी वस्तू कशी आहे हे समजून घ्यायचे असेल, तर तुम्ही काय करता? ती हातात घेता, बोटांनी चाचपता. घोड्याला हात नाहीत. त्याच्या चारही पायांना खूर आहेत. म्हणून तो हातांचे काम ओठांनी करतो. त्याचा वरचा ओठ फार चपळ असतो. दाण्यांत मिसळलेला खडासुद्धा तो ओठाने बाजूला सारतो. ओठांभोवतीच्या लांब केसांनी त्याला स्पर्श चटकन कळतो. शिवाय घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला दोहोंकडचे पुष्कळ दिसते. पण अगदी नाकाखालचे दिसत नाही. तेथे धरलेला तुमचा हात त्याला दिसतच नाही. त्या हातात काय आहे, हे तो ओठांनी शोधतो. ओठांच्या मागे दात असतात. समोरचे सहा दात वर आणि सहा खाली. गवत कापणारे हे दात बोटाला लागले तर काय होईल, ते सांगायला नको.

शिंगरे एकमेकांशी खेळतात, तेव्हा ती लटके चावे घेतात. मोठे घोडेही जोडीने उभे राहून एकमेकांची मान आणि पाठ दातांनी खाजवतात. ही त्यांची मैत्रीची रीत आहे. त्यांची कातडी जाड असते, वर केसही असतात. म्हणून त्यांना त्याचे काही वाटत नाही. पण आपली कातडी मऊ. घोड्याचा प्रेमाचा चिमटाही आपल्याला काळानिळा करतो. लहान शिंगराने बाही ओढली, की लोक कौतुकाने हसतात. त्या शिंगराला वाटते, असे केले की माणसे खूश होतात. पुढे ते ३०० ते ४०० किलोग्रॅम वजनाचा घोडा होते. सवय तीच राहते. मग मात्र कोणी हसत नाही.

दुसरे कारण म्हणजे खाऊ. येणारा जाणारा हातावर गूळ, बिस्किट, गाजर ठेवून घोड्याला देतो. घोडा हुशार प्राणी आहे. माणसाच्या हाताला आणि खिशाला खाऊ असतो, हे तो लवकर शिकतो. मग तो प्रत्येकाचे खिसे तपासतो. खाऊ मिळाला नाही, तर ओढतो आणि चावतो. त्यातून तो भुकेला असेल, तर अधिकच. घोड्याचे पोट शरीराच्या मानाने लहान असते. मोकळ्या रानात तो थोडे थोडे करून दिवसातला बराच वेळ चरतो. त्याला फार वेळ उपाशी बांधून ठेवले, तर तो चिडचिडा होतो आणि सापडेल त्याला तोंड लावतो.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. ते म्हणजे दुखणे. खोगीर पाठीवर पक्के राहावे, म्हणून पोटाखालून तंग आवळतात. तंगाखाली जखम असली किंवा तो एकदम करकचून आवळला, तर घोडा वळून चावायला येतो. खोगीर नीट बसत नसेल, तर पाठ सोलवटते. दाढेला धारदार टोक आले, तर गाल आतून कापतो. अडीच ते पाच वर्षांच्या दरम्यान घोड्याचे पुढचे दुधाचे दात पडून नवे येतात. तेव्हाही त्याचे तोंड ठणकते. घोड्याला "मला दुखते" असे सांगता येत नाही. तो आधी कान मागे पाडतो, नाकपुडीजवळची कातडी आक्रसतो, शेपूट जोराने हलवतो. एवढे करूनही कोणी लक्ष दिले नाही, तर शेवटी तो चावतो.

घोड्याचा हा स्वभाव देशाप्रमाणे बदलत नाही. दूर आयर्लंड देशात, डब्लिन शहराच्या दक्षिणेला चेरीवूड नावाची वस्ती आहे. तिच्यापासून जवळच लेपर्ड्सटाउन येथे १८८८ सालापासून घोड्यांच्या शर्यती होतात. तिथला उंच, चपळ शर्यतीचा घोडा आणि माथेरानच्या वाटेवरचा आपला घोडा यांचे रूप वेगळे, काम वेगळे. पण तंग टोचला, तर दोघेही कान पाडूनच सांगतात.

चावऱ्या घोड्याचे पुढे काय होते? त्याच्यावर बसायला कोणी तयार होत नाही. घोडेवाल्याची कमाई बुडते. तो रागाने घोड्याच्या तोंडावर मारतो. पण माराने सवय मोडत नाही. तोंडावर मार खाल्लेला घोडा माणसाचा हात वर झाला, की दचकून मान उडवतो. लगाम घालणेही कठीण होते. काही घोड्यांना तर तो खेळच वाटतो. चावायचे आणि मार बसायच्या आत तोंड मागे घ्यायचे! अखेर कंटाळून मालक घोडा विकतो. नव्या घरीही घोडा चावतो. पुन्हा मार, पुन्हा बाजार. दोष सवयीचा असतो. पण सारा जन्म घोड्याचा बिघडतो.

मग करायचे काय? जाणता घोडेवाला आधी घोड्याला कोठे दुखते का, हे पाहतो. तो पाठीवरून, पोटाखालून हळू हात फिरवतो. जखम दिसली, तर ती बरी होईपर्यंत खोगीर घालत नाही. जनावरांच्या डॉक्टरांकडून दात तपासून घेतो. तंग एकदम न आवळता थोडा थोडा आवळतो. चारा पुरेसा आणि वेळेवर देतो. दाणे किंवा चंदी हातावर न देता तोबऱ्यातून किंवा पाटीतून देतो. त्यामुळे खाऊ म्हणजे माणसाचा हात नव्हे, हे घोड्याला समजते.

दुसरी गोष्ट म्हणजे शिस्त. खरारा करताना तो घोड्याच्या तोंडासमोर उभा राहत नाही. खांद्याच्या बाजूला उभा राहतो. घोड्याने तोंड वळवले, की त्याच क्षणी शांतपणे, पण ठामपणे, त्याला एक पाऊल मागे सारतो. घोडा मान सरळ ठेवून उभा राहिला, की त्याची मान थोपटतो. मान थोपटलेली घोड्याला आवडते. "तोंड लावले की मागे जावे लागते आणि शांत उभे राहिले की शाबासकी मिळते," हे हळूहळू त्याच्या ध्यानात येते. यात एक नियम मात्र पाळावा लागतो. घरातल्या सर्वांनी रोज असेच वागायचे. बापाने मागे सारायचे आणि मुलाने नाकाशी खेळायचे, असे झाले तर घोडा गोंधळतो. काही आठवडे धीर धरावा लागतो.

ही विद्या आजची नाही. महाभारतात अज्ञातवासाच्या वर्षी नकुल ग्रंथिक हे नाव घेऊन विराट राजाकडे घोड्यांची देखभाल करायला राहिला. घोड्यांचा स्वभाव आणि खोडकर घोड्याला वळण लावण्याची रीत आपल्याला ठाऊक आहे, असे त्याने राजाला सांगितले होते. ग्रीस देशात झेनोफोन नावाच्या सेनानीने सुमारे २,४०० वर्षांपूर्वी घोडेस्वारीवर एक पुस्तक लिहिले. लगाम नसताना घोड्याला कोठे नेायचे, तर चावू नये म्हणून त्याला मुसके बांधावे, असे त्यात सांगितले आहे. आपले शेतकरी मळणीच्या वेळी बैलाला बांधत, तसेच हे मुसके. पण त्याच पुस्तकात आणखी एक सल्ला आहे. रागाच्या भरात घोड्याशी कधीही वागू नये.

मुलांनो, तुम्ही घोड्याजवळ जाल, तेव्हा एवढे लक्षात ठेवा. आधी घोडेवाल्याला विचारा, "काका, हात लावू का?" ते हो म्हणाले, तरच पुढे व्हा. घोड्याला दिसेल असे, बाजूने जा. अगदी समोरून किंवा मागून जाऊ नका. नाकावर नव्हे, तर मानेवर किंवा खांद्यावर हात फिरवा. हातावर खाऊ ठेवून देऊ नका. घोड्याने कान मागे पाडले, तर लगेच दूर व्हा. चुकून चावलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याने धुवा, वडीलधाऱ्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

आणि कोणी "हा घोडा द्वाड आहे" असे म्हणाले, तर त्या घोड्याच्या कानांकडे आणि तंगाकडे एकदा नीट पाहा. तो काय सांगतो आहे, हे कदाचित तुम्हांलाच सर्वांच्या आधी कळेल.