एका गोळीवर फिरणारा पंप

संगणक पाण्याने थंड ठेवणारा डी५ पंप मुठीत मावतो. त्याची आट्यांची कडी उलटी फिरवून सोडवली की आतला रोटर चिमटीत धरून उपसता येतो. चुंबकाची ओढ असते, म्हणून किंचित जोर लागतो. हाती येतो एक अर्धगोल, आणि इंपेलरची पाती त्याच्याच अंगावर. पंपाच्या आत ना दांडा दिसतो, ना दांड्याभोवतीचं सील. मधोमध असते सिरॅमिकची एक छोटी गोळी. पंप पूर्ण वेगात असताना सगळा रोटर या गोळीवर तोल सांभाळत मिनिटाला सुमारे ४८०० फेरे घेतो. पाणी आणि मोटारीची वेटोळी यांच्यामध्ये पातळ, अखंड भिंत आहे आणि चुंबकीय क्षेत्र तिच्या पलीकडून रोटर फिरवतं. फिरता दांडा बाहेर पडतच नाही, तेव्हा सील झिजून गळती लागण्याचा प्रश्नच मिटतो.

ही रचना स्टुटगार्टजवळच्या लाइंग या जर्मन कंपनीची. घरातलं गरम पाणी नळांपर्यंत फिरतं ठेवणारे छोटे पंप ही तिची ओळख. डी५चं एक भावंड आजही सौर पाणीतापकांत काम करतं. २००९मध्ये लाइंग आयटीटीकडे गेली आणि २०११मध्ये आयटीटीतून वेगळ्या झालेल्या झायलेमकडे हा पंप आला. संगणकाच्या बाजारात तो अनेक कंपन्यांच्या वेष्टनात मिळतो. मात्र ‘डी५’ एवढंच नाव पाहून घेऊ नये. काहींच्या आत हाच मूळ पंप असतो, तर काहींत त्याच मापाचा दुसरा.

खोक्यावर लिहिलेलं असतं: तासाला १५०० लिटर, हेड जवळपास ४ मीटर. विहिरीवर मोटार बसवणाऱ्याला हेड समजावून सांगावं लागत नाही. पाणी किती उंच चढवायचं, यावर त्याचा सगळा हिशेब असतो. संगणकातलं चक्र मात्र बंद असतं. जेवढं पाणी वर चढतं तेवढंच दुसऱ्या बाजूने खाली उतरतं आणि दोन्ही वजनं एकमेकांना तोलतात. इथे हेड खर्ची पडतं ते घर्षणावर. प्रोसेसरवरच्या वॉटर ब्लॉकमध्ये तांब्याच्या अतिशय बारीक पात्या असतात आणि त्यांच्या फटींतून पाणी रेटायचं असतं. म्हणून ते १५०० लिटर प्रत्यक्षात कधीच दिसत नाहीत. चक्रातून मिनिटाला ४ लिटर फिरलं तरी भरपूर झालं.

भरपूर का, ते साध्या गणिताने कळतं. मिनिटाला १ लिटर पाणी १ अंश तापलं तर ते सुमारे ७० वॉट उष्णता वाहून नेतं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून ५०० वॉट सोडत असतील आणि ४ लिटरचा ओघ असेल, तर सगळा फेरा मारून पाणी तापतं ते २ अंशांहूनही कमी. ओघ दुप्पट केला तर या फरकातला जेमतेम एक अंश वाचतो. उष्णता बाहेर टाकायचं काम रेडिएटरचं आहे. पंपाकडून एकच मागणं असतं: पाणी थांबू द्यायचं नाही.

त्यामुळे निवड खरी दोन भावंडांत होते. लाइंगचाच डीडीसी अंगाने लहान असून अडथळ्यापुढे जास्त जोर लावतो. दोन ग्राफिक्स कार्डं, अरुंद वळणं, छोटी केस असं असेल तेव्हा तो उपयोगी पडतो. पण तो स्वतः तापतो, त्याच्या तळाला हवा लागते आणि आवाजही टोकदार येतो. डी५ मोठा असला तरी त्याचा आवाज जाडसर आणि सौम्य असतो, आणि त्याची काही उष्णता वाहत्या पाण्यातच जाते. व्हेरिओ प्रकारात मागे १ ते ५चा खटका असतो. तो २ किंवा ३वर ठेवला की बहुतेक चक्रांना पुरतं. पीडब्ल्यूएम प्रकाराचा वेग मदरबोर्डवरून बदलता येतो. तरी माझं सांगणं असं, की सोसवेल तो एक वेग शोधावा आणि तिथेच राहू द्यावं. वीज थेट एसएमपीएसमधून द्यावी आणि फेरे मोजणारी तार प्रोसेसरच्या पंख्याच्या जागी जोडावी. पंप बंद पडला तर बहुतेक मदरबोर्ड लगेच तक्रार करतात.

डी५ला ६० अंशांपर्यंतचं पाणी चालतं. पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होत नाही. नागपुरात मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असेल, तर भर कामात पाणी ५०च्या पुढे जाऊ शकतं. तिथे पंपाऐवजी रेडिएटर मोठा घ्यावा.

टाकीबद्दलही एक जुना गैरसमज आहे. मोठी टाकी घेतली तर संगणक जास्त थंड राहतो असं अनेकांना वाटतं. जास्त पाण्याला तापायला वेळ लागतो, एवढाच फरक पडतो. तासाभराच्या कामानंतर लहान आणि मोठ्या टाकीतलं तापमान सारखंच होतं. टाकीचं खरं काम हवेशी आहे. रेडिएटरच्या कोपऱ्यांत अडकलेले बुडबुडे फिरत फिरत तिथे येतात, वेग मंदावतो आणि हवा वर जाते. दुसरं काम म्हणजे पंपाच्या तोंडाशी कायम पाणी उभं ठेवणं. पंपातल्या गोळीवर रोटर फिरतो तो पाण्याच्या आधारानेच, पाणी हेच त्याचं वंगण. कोरडा चाललेला पंप काही क्षणांतही दुखावतो. म्हणून टाकी पंपाच्या वर असावी, किंवा पंप आणि टाकी एकत्र जोडलेला संच घ्यावा. पहिल्यांदा जुळवणी करणाऱ्याला मी तोच सुचवतो. उभी नळीसारखी टाकी हवा लवकर सोडते. ॲक्रिलिकची असेल तर ती अल्कोहोलने पुसू नये, तडे जातात. फिटिंग हातानेच आवळावी, पाना लावू नये.

पाणी भरायचं तेव्हा मदरबोर्डची वीज तोडतो, एसएमपीएसच्या २४ पिनी जोडात जम्पर लावतो आणि फक्त पंप जोडतो. सांध्यांखाली टिश्यू पेपर पसरतो. टाकी गळ्यापर्यंत भरून दोन-तीन सेकंद पंप सुरू करायचा की पातळी सरकन उतरते. लगेच बंद. पुन्हा भरायचं, पुन्हा सुरू. सुरुवातीला पंप गुरगुरतो, कारण त्याने हवा धरलेली असते. मग केस हळूच पुढे-मागे कलती करायची; रेडिएटरमधून गुडगुड आवाज येतो आणि टाकीत साबणाच्या फेसासारखे बुडबुडे उसळतात. चार-पाच फेऱ्यांनंतर गुरगुर विरते. एका दिवसात पाणी काचेसारखं नितळ होतं.

त्या वेळी नळीवर बोट ठेवतो. अगदी बारीक कंप लागतो, आवाज मात्र ऐकू येत नाही. टिश्यू पेपर कोरडे असतात. टाकीतली पातळी बोटभर उतरलेली असते. चक्रात लपलेली तेवढी हवा बाहेर पडलेली असते आणि तिच्या जागी पाणी गेलेलं असतं. तेवढं पाणी वरून घालायचं आणि झाकण बसवायचं.