रेडीची गाज आणि एसएमपीएसची घरघर

किनाऱ्यावरच्या आमच्या रेडी गावात रात्री खिडकी उघडी टाकली की समुद्राची गाज थेट घरात येते. पण कॉम्प्युटर सुरू केला की ती बुडायची. आमच्याकडचं जुनं यंत्र सुरू झालं की आई विचारायची, "ह्यो पंखो कित्याक इतको बोंबलता?" तक्रार रास्त होती. कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, ठणठणीत होता, बोंब होती ती त्याच्या ८० मिमीच्या पंख्याची. दुरुस्तीवाल्याने उपाय सुचवला: बोर्ड जुनाच ठेवू, फक्त तो मोठ्या पंख्याच्या डब्यात हलवू. दुसऱ्या एका मेलेल्या एसएमपीएसचा १२० मिमी पंख्याचा डबा त्याच्याकडे पडून होताच. त्याच्या टेबलाशी बसून हे काम पाहताना कळलेल्या या गमती.

सव्वादोन पट तोंड
८० मिमीऐवजी १२० मिमीचा पंखा घेतला की तोंडाचं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं. पातीही लांब, त्यामुळे तेवढीच हवा ढकलायला त्याला कितीतरी कमी फेरे पुरतात. एकाच पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल कमी झाले तरी कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, यावरून फरक ओळखा.

मोठा पंखा आडवाच का?
इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे माप आणलं. या मापाच्या एसएमपीएसची रुंदी १५० मिमी आणि उंची ८६ मिमी. म्हणूनच एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटात मुकाट बसतो. आता ८६ मिमी उंचीच्या पाठीवर १२० मिमीचा पंखा उभा राहणार कसा? तो डब्याच्या रुंद अंगावर आडवाच पडतो.

फूटपट्टी आधी, पेचकस नंतर
पंख्याची जाडी साधारण २५ मिमी. ८६ मधून ती वजा केली की बोर्ड, हीटसिंक आणि कॅपॅसिटर यांच्यासाठी साधारण ६० मिमीच उरतात. जुन्या एसएमपीएसचे हीटसिंक उंच असतात, पंख्याला टेकले तर बेत तिथेच संपला. बोर्डाची भोकंही नव्या डब्यातल्या खुंट्यांशी जुळायला हवीत.

तो प्लास्टिकचा तुकडा फेकू नका
मोठ्या पंख्याच्या एका बाजूला बऱ्याचदा पारदर्शक पट्टी लावलेली असते. ती पॅकिंगची वाटते, पण तिचं काम मोलाचं. पंख्याची हवा जवळच्या जाळीतून लगेच सटकू नये, आधी सगळ्या बोर्डावरून फिरावी, यासाठी ती असते. बोर्डाखालचा प्लास्टिकचा कागदही नव्या डब्यात जायलाच हवा, नाहीतर सोल्डरची टोकं पत्र्याला चिकटतील. आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची वायर डब्याच्या पत्र्याला घट्ट आवळलेली हवी. या दोन गोष्टी विसरणं म्हणजे जिवाशी खेळ.

२३० चे ३२५
घरातली वीज २३० व्होल्टची, पण एसएमपीएसमध्ये शिरून एकदिश झाली की मोठ्या कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट जमतात. प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच दबा धरून असतात. आमच्या दुरुस्तीवाल्याने डबा उघडल्यावर पहिलं काम केलं ते मल्टिमीटर लावून हा आकडा उतरलाय का पाहण्याचं. ज्याला हे जमत नाही त्याने डबा उघडूच नये, कारागिराकडे न्यावा.

हिरवीला काळीचा हात
डब्यातून निघणाऱ्या वायरींना रंगांची भाषा आहे: पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३, काळी ग्राउंड. डबा बंद करून, मदरबोर्ड न जोडता, मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला जोडली की एसएमपीएस जागा होतो. आमच्याकडे हा क्षण आला तेव्हा पंखा फिरतोय हे कानाला कळलंच नाही, डोळ्यांनी खात्री करावी लागली.

दोन थेंब तेल
पंखा नवा घ्यायची ऐपत नसेल तर आधी हे करून बघा. साध्या बुश बेअरिंगच्या पंख्याचं स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले तर सुकलेली घरघर पुष्कळदा थांबते.

मीठ पाझरतं, बोर्डही पाझरतो
पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, कारण हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. शेजारच्या शिरोड्यात मिठागरं आहेत, आणि आपल्या खिडकीतून येणारी हवाही खारीच. तेच मीठ बोर्डावर धुळीसोबत बसतं, ओलं होतं आणि तांबं खातं. पंखा मोठा झाला म्हणून खार टळत नाही. म्हणून शाळेत शिकलेलं इथे वापरा: दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, तेव्हा कॅबिनेट पश्चिमेच्या खिडकीखाली ठेवू नका. पावसात यंत्र महिनोन्‌महिने बंद ठेवू नका, चालू यंत्राची ऊब बोर्ड कोरडा ठेवते.

लाल मातीची भावकी
रेडी लोहखनिजासाठी ओळखलं जातं. लोहखनिज म्हणजे मुख्यतः लोखंडाची ऑक्साइडं. एसएमपीएसच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधला काळसर गाभा फेराइटचा, आणि फेराइटचा मुख्य घटकही लोखंडाचं ऑक्साइडच. हा ट्रान्सफॉर्मर इतका लहान राहू शकतो, कारण तिथे वीज सेकंदाला ५० वेळा नव्हे, हजारो वेळा चालू-बंद होते.

पंखाच नको!
१९७७ च्या ॲपल २ मध्ये पंखाच नव्हता. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सला पंख्याचा आवाज नको होता. अभियंता रॉड होल्टने त्यासाठी स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा बनवला. तो कमी तापायचा, म्हणून पंख्यावाचून निभावलं.

आगोटीच्या यादीत एक ओळ
इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं तापमान १० अंशांनी कमी राहिलं तर त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा कारागिरांचा आणि अभियंत्यांचा ठोकताळा आहे. धुळीने बुजलेली जाळी हेच आयुष्य खाते. आपण पावसाआधी सुकी मासळी, कोकम, लाकडं भरून ठेवतो. त्याच आगोटीत एक दिवस एसएमपीएसचाही ठेवा: प्लग काढून जाळीवर रंगाचा कोरडा ब्रश फिरवायचा, ब्लोअरने धूळ उडवायची. आमचा जुना बोर्ड मोठ्या पंख्याखाली अजून काम करतोय. कॉम्प्युटर चालू असतानाही आता खिडकीतून गाज ऐकू येते.