कणसावरची मोजदाद

गंगाखेडच्या गोदाकाठी काळ्या रानात रब्बीची ज्वारी हुरड्याला येते, तेव्हा राखणीला बसलेल्या माणसाच्या गोफणीला उसंत नसते. एक ढेकूळ सुटलं की पिवळसर पाखरांचा थवा उठतो, बांधावरच्या बाभळीत शिरतो आणि घटकाभरात पुन्हा कणसांवर येतो. हे भारीट. काळ्या डोक्याचा भारीट आग्नेय युरोप ते इराण या पट्ट्यात वीण करतो, लाल डोक्याचा मध्य आशियात. हिवाळा मात्र दोघेही आपल्याकडच्या शेतशिवारात काढतात.

युरोप-अमेरिकेत थंडीच्या दिवसांत परसात दाण्याची भांडी टांगून फिंच पक्षी पाहतात. मराठवाड्यात पडवीच्या आढ्याला ज्वारी-बाजरीच्या कणसांची जुडी टांगायची जुनी रीत आहे. तिच्यावर भारीट क्वचितच येतात; येतात त्या चिमण्या आणि ठिपकेदार मुनिया. मुनिया कणसाला उलटी लोंबकळते, एकेक दाणा जाड चोचीत धरून जिभेने फिरवते, चोचीच्या कडेने टरफल सोलते. खाली फोलपटांचा सडा पडतो.

मोजणी इथेच चुकते. तीच मुनिया दहा वेळा आली तर दहा मुनिया होत नाहीत. म्हणून एका नजरेत एकाच वेळी जास्तीत जास्त किती दिसल्या, तोच आकडा लिहायचा. उत्तर अमेरिकेत 1987पासून चालणाऱ्या ‘प्रोजेक्ट फीडरवॉच’मध्येही हाच नियम आहे.

शेतातली नोंद आणखी अवघड. हिवाळ्यात काळ्या डोक्याच्या नराचं डोकंही पुरतं काळं दिसत नाही. पिसांच्या फिकट कडा झिजल्या की खरा रंग उघडा पडतो. दोन्ही जातींच्या माद्या तर मातकट, जवळपास सारख्या. अंदाजाने एक नाव ठोकून देण्याचा मोह होतो, पण तो टाळलाच पाहिजे. ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर दोन्ही जातींची जोडनोंद करायची सोय आहे. खात्री नसेल तिथे तीच नोंद खरी.

राखणदाराइतकं या थव्यांना जवळून दुसरं कोणी पाहत नाही. कोणत्या रानात आधी उतरतात, भोरड्या (गुलाबी मैना) कधी येऊन मिसळतात, हे तो सांगतो. पक्षीनिरीक्षकाने दुर्बीण काढण्याआधी त्याच्याजवळ बसावं. दाण्याचं नुकसान त्याचं होतं, हेही विसरू नये.

भारत 2013पासून ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या पक्षीगणनेत सहभागी आहे. फेब्रुवारीच्या मध्यातले ते चार दिवस म्हणजे इकडे ज्वारी पिकत आल्याचे दिवस. किमान 15 मिनिटं पक्षी पाहायचे आणि दिसलेली प्रत्येक जात लिहायची, कावळा, साळुंकीसुद्धा. शिवारात ज्वारीची जागा सोयाबीन आणि हरभरा घेत आहेत. त्यामुळे गंगाखेडच्या नोंदीत पक्ष्यांच्या आकड्यांशेजारी शेरा हवाच: रानात उभी ज्वारी होती, की हरभरा.