धूर आणि देह – लेखांक सहावा : सोडणाऱ्याची धास्ती

मागील लेखांकात विडीच्या धुरातील निकोटिन मेंदूवर आपला अंमल कसा बसविते आणि तलफ कोठून उत्पन्न होते, याचे विवेचन केले. विडी सुटल्यावरही सोडणाऱ्याच्या मनात जी धास्ती मागे उरते, तिचा विचार आज करावयाचा आहे. तो करताना बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्याचे तलवाडा हे त्वरितादेवीचे गाव मी डोळ्यांपुढे ठेवले आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीसाठी साखर कारखान्याच्या वाटेला लागणाऱ्या आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतणाऱ्या माणसांच्या या मुलखात विडी ही चैनीची वस्तू राहिलेली नसून कष्टाच्या दिवसाचा एक भागच होऊन बसली आहे. आणि जे व्यसन कष्टाशी असे जखडले गेले, ते सोडणेही अवघड आणि सोडल्यावर निर्धास्त होणे त्याहून अवघड.

अशा गावी विडी सोडण्याची गोष्ट काढली, की जाणत्या वयाची माणसे बहुधा दोन उत्तरे देतात. पहिले असे, की वीस-पंचवीस वर्षे ओढली, जे व्हायचे ते होऊन गेले, आता सोडून काय उपयोग? दुसरे उत्तर अधिक घातक आहे, कारण त्याला डोळ्यांनी पाहिल्याचा आधार असतो : अमक्याचा बाप जन्मभर बिडी ओढीत होता तोवर ठणठणीत होता, अन् सोडली तसा वर्षाच्या आत गेला! हे ऐकून ज्याने चार महिन्यांपूर्वी विडी टाकली आहे आणि ज्याला रात्री खोकल्याची उबळ येऊन जाग येते, त्याच्या काळजाचा ठोका चुकला तर त्यात नवल नाही.

हे दुसरे उत्तर खोटे म्हणून झटकून टाकता येणार नाही. सांगणाऱ्याने जे पाहिले ते खरेच पाहिले; चूक झाली ती कार्यकारणाच्या क्रमात. २००१ ते २००३ या काळात देशभरातील ११ लाख घरांत घडलेल्या मृत्यूंची चौकशी करून डॉ. प्रभात झा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली जो विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आढळले की, आपल्या देशात धूम्रपान सोडणारे मुळातच फार थोडे, आणि जे सोडतात ते पुष्कळदा अंगावर आजार उमटल्यावर सोडतात. धाप लागून दोन पावले चालवेना, थुंकीत रक्त दिसले, छातीत कळ आली, म्हणजे मग बंडल फेकले जाते. तेव्हा विडी सोडल्यामुळे मनुष्य गेला असे नसून, ज्या आजाराने तो गेला त्याच आजाराने त्याला विडी सोडावयास लावले होते. मात्र गावाच्या स्मरणात आजाराची सुरुवात नोंदली जात नाही, कारण ती कोणास दिसलेली नसते. विडी सोडल्याचा दिवस तेवढा सर्वांना आठवतो. धडधाकट असता सोडलेला आणि पुढे तीस वर्षे शेतात राबलेला मनुष्य कोणाच्या बोलण्यात येत नाही, कारण त्याच्या बाबतीत सांगण्यासारखे काही घडलेच नाही.

याच अभ्यासाने विडीसंबंधीचा आणखी एक लाडका समज निकालात काढला. विडीत तंबाखू थोडी, पान झाडाचे, कागद नाही, सबब ती सिगारेटीहून निरुपद्रवी, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी सहा वर्षांनी आणि विडी ओढणाऱ्या स्त्रियांचे आठ वर्षांनी घटल्याचे दिसून आले, आणि दिवसाकाठी एक ते सात इतक्याच विड्या ओढणाऱ्यांतही मृत्यूचा धोका सुमारे चतुर्थांशाने वाढलेला होता. तेंदूच्या पानातून हवा आरपार जात नाही. विडी पेटती ठेवावयाची तर झुरके घाईघाईने आणि खोलवर घ्यावे लागतात, आणि तंबाखू कमी असूनही धुराचा मारा त्यामुळे जबर होतो.

आता ‘सोडून काय उपयोग’ या पहिल्या उत्तराकडे वळू; त्याचा निकाल लावणारा पुरावा फार उशिरा हाती आला. तंबाखू आणि तिच्याविषयीची शंका या दोन्ही आपल्या दख्खनेस चारशे वर्षांपासून परिचित आहेत. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग नावाच्या मोगल वकिलाने विजापुराहून तंबाखू आणि चिलीम नेऊन अकबर बादशहापुढे ठेवली, तेव्हा दरबारच्या हकिमाने, ज्या वस्तूविषयी पूर्वसूरींच्या ग्रंथांत काहीच आधार नाही ती बादशहांनी सेवन करू नये, अशी हरकत घेतली होती. हरकत रास्त होती, पण तिच्या पाठीशी पुरावा नव्हता; आणि तो मिळावयास साडेतीन शतके जावी लागली. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोघा इंग्रज संशोधकांनी लंडनच्या रुग्णालयांतील रोग्यांची तपासणी करून फुप्फुसाच्या कर्करोगाचा धूम्रपानाशी संबंध दाखविला. हे आकडे जुळवीत असतानाच स्वतः डॉल यांनी सिगारेट सोडली, ही गोष्ट मला त्यांच्या कोष्टकांइतकीच बोलकी वाटते.

पुढच्याच वर्षी त्या दोघांनी ब्रिटनमधील डॉक्टरांना त्यांच्या सवयीविषयी प्रश्न विचारले आणि ३४,००० हून अधिक पुरुष डॉक्टरांचा माग थेट पन्नास वर्षे ठेवला. २००४ साली या दीर्घ रोजनाम्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जन्मभर ओढणाऱ्यांचे आयुष्य न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षांनी कमी भरले. परंतु ज्यांनी साठाव्या वर्षी सोडली त्यांना त्यांतील सुमारे तीन वर्षे परत मिळाली, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सहा, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना नऊ, आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना जवळजवळ सर्वच. हे डॉक्टर होते, खाऊनपिऊन सुखी होते, आणि सिगारेट ओढीत होते. त्यांचे आकडे तलवाड्याच्या ऊसतोड्याला अक्षरशः लागू पडतील असा दावा कोणी करू नये. पण त्यांतून निघणारी दिशा देहधर्माची आहे, आणि तो लंडनला एक व मराठवाड्यात दुसरा असत नाही. चाळिशी उलटलेल्या माणसास ‘आता काय उपयोग’ असे म्हणण्याचा अधिकार हे आकडे ठेवीत नाहीत.

परत मिळते ते देहाच्या सर्व भागांना सारख्या वेगाने मिळत नाही, आणि धास्ती वाटणाऱ्याने नेमके हेच समजून घेतले पाहिजे. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने बिलगतो. तो एक-दोन दिवसांत निघून जातो, आणि हृदयाला पूर्ववत प्राणवायू मिळू लागतो. हृदयविकाराचा जो जादा धोका धूम्रपानाने ओढवलेला असतो, तो वर्षभरात जवळपास निम्मा होतो आणि सुमारे पंधरा वर्षांनी न ओढणाऱ्याच्या पातळीच्या आसपास येतो. फुप्फुसाच्या कर्करोगाची गती संथ आहे : दहा वर्षांनी त्याचा धोका ओढत राहणाऱ्याच्या मानाने निम्म्यावर येतो, पण कधीच न ओढणाऱ्याइतका सहसा होत नाही. तरीही २०२० साली इंग्लंडमधील संशोधकांनी श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशी एकेक करून तपासल्या, तेव्हा सोडलेल्या माणसांत धुराची इजा जवळजवळ न पोचलेल्या पेशींचे प्रमाण ओढत राहणाऱ्यांच्या सुमारे चौपट भरले. निरोगी पेशी मागे कोठे तरी शिल्लक असतात आणि धूर थांबल्यावर त्या अस्तराचा ताबा पुन्हा घेऊ लागतात, असा त्याचा अर्थ लावण्यात आला आहे.

श्वासाच्या बाबतीत मात्र सत्य कडू आहे आणि ते लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. वयाच्या पंचविशी-तिशीनंतर प्रत्येकाचीच श्वसनशक्ती वर्षागणिक किंचित घटत असते. धूर ज्यांना बाधतो त्यांच्यात ही घट दुपटीने किंवा अधिक वेगाने होते. फ्लेचर आणि पीटो या संशोधकांनी लंडनमधील सुमारे ८०० नोकरदार पुरुषांची आठ वर्षे तपासणी करून १९७७ साली दाखवून दिले की, धूम्रपान सोडल्यावर हा वेग न ओढणाऱ्याच्या वेगावर येतो, परंतु गमावलेली शक्ती सहसा भरून येत नाही. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा हिशेब तलवाड्यात कोणास समजावून सांगावा लागत नाही : नवी उचल बंद केली म्हणून जुनी बाकी फिटत नाही, पण ती वाढावयाची थांबते, आणि माणूस पुढचा हंगाम कसा काढील हे त्यावरच ठरते. पंचेचाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्याची साठीतली धाप आणि न सोडणाऱ्याची साठीतली धाप यांतील अंतर म्हणजे आपल्या पायांनी शेतावर जाणे आणि खाटेवर बसून राहणे यांतील अंतर होय.

सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे फसवे असतात. तलफेचा जोर पहिल्या दोन-तीन दिवसांत शिगेस पोचतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. या मुदतीत चीड येते, झोप मोडते, पोट साफ होत नाही, तोंड येते, भूक वाढून वजन चढू लागते. पुष्कळांचा खोकला आणि कफ कमी होण्याऐवजी वाढतो. श्वासनलिकेच्या अस्तरावर सूक्ष्म लव असते आणि साचलेला कफ वर लोटणे हे तिचे काम. धुराने लुळी पडलेली ही लव पुन्हा हलू लागते, हे या खोकल्याचे एक कारण. ज्याला हे कोणी सांगितलेले नसते तो घाबरतो, विडी सोडल्यानेच छाती बिघडली असे समजून पुन्हा काडी ओढतो, आणि गावाच्या दप्तरी चुकीच्या पुराव्याची आणखी एक नोंद पडते.

याउलट, प्रत्येक खोकला याच सदरात टाकून स्वस्थ बसणेही धोक्याचे आहे. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, थुंकीत रक्त, कारणाविना उतरलेले वजन, तीन आठवडे न सुटलेला बसका आवाज, तोंडातील न भरणारी जखम किंवा पांढरा-तांबडा चट्टा, यांपैकी काहीही दिसले तर सरकारी दवाखाना गाठावा. क्षयाची तपासणी आणि औषध तेथे मोफत मिळते, आणि विडी ओढणाऱ्यास क्षय होण्याचा व त्यात दगावण्याचा धोका न ओढणाऱ्याहून पुष्कळ अधिक असतो. विडी सोडणारा मनुष्य बहुधा छातीचा फोटो काढून मागतो आणि तो स्वच्छ निघाला की निश्चिंत होतो. फोटोत क्षयाची छाया दिसू शकेल. पण श्वासनलिका आकसण्याचा जो विकार धुराने जडतो, तो आरंभी फोटोत उमटतच नाही. त्यासाठी नळीत जोराने फुंकावयास लावून श्वास मोजणारी स्पायरोमेट्री करावी लागते. ज्याला चढावर किंवा मोळी उचलताना समवयस्कांपेक्षा लवकर धाप लागते, त्याने ती एकदा करून घ्यावी. धास्तीवरचा खरा इलाज असे माप हाच आहे. सोबत्यांशी तुलना करून रात्र रात्र तळमळण्याने ती वाढते मात्र.

दोन पळवाटांविषयी थोडक्यात सांगतो. बंडलावरून चार विड्यांवर आलो, आता काळजी नको, असे समजणाऱ्याने ध्यानी धरावे की, रोज एकच सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा जादा धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो, विसावा हिस्सा नव्हे. दुसरी पळवाट म्हणजे विडी टाकून चंची धरणे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूर ओढणारे ३.८ टक्के, पण तंबाखू तोंडावाटे घेणारे २४.४ टक्के आढळले. विडी सोडून गालात बार भरणाऱ्याने फुप्फुसाची काळजी तोंडाच्या माथी मारली, एवढेच झाले.

राहिला प्रश्न वेळेचा. हंगामात पहाटेपासून उसाच्या फडात वाकलेल्या माणसाला विडी पेटवण्यापुरती उसंत मिळते, आणि विडी सोडली की ती उसंतही जाईल हे त्याचे भय काल्पनिक नाही. भुकेवर विडी ओढून वेळ मारून नेणे हाही त्या जीवनाचा भाग आहे. म्हणून माझी तजवीज अशी, की सोडावयाची ती पावसाळ्यात, गावी असताना, सोडावी. म्हणजे तलफेचे आठवडे घरच्या भाकरीवर आणि पुऱ्या झोपेवर निघतील, आणि टोळीबरोबर निघण्यापूर्वी दोन-तीन महिने हाताशी राहतील. निघताना टोळीतील निदान एका सोबत्याला सांगून ठेवावे आणि विडीच्या वेळी पाणी पिण्यास व पाठ टेकण्यास तितकीच मिनिटे हक्काने घ्यावीत. फडाजवळच्या कोपीत, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीत, चूल आत पेटत असेल तर ती शक्य तो बाहेर मांडावी, कारण विडी सोडलेल्या पुरुषाचे आणि कधीच न ओढलेल्या स्त्रीचे फुप्फुस चुलीच्या धुराने सारखेच पोळते.

आधार लागलाच तर दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये २०१६ पासून चालणारी १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. तंबाखूच्या वेष्टनांवर तिचा क्रमांक छापलेला असतो. निकोटिनचा च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतो. तो सतत चघळावयाचा नसून थोडा चावून गालात धरावयाचा असतो, हे न कळल्यामुळे पुष्कळांना मळमळते आणि ते औषधालाच दोष देतात. हृदयविकार असणाऱ्यांनी व गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

विडी न ओढताही तंबाखूच्या अमलाखाली असलेल्या, पहाटे दातांना मिश्री लावल्याविना जिचा दिवस सुरू होत नाही अशा बाईच्या तक्रारींचा विचार पुढील लेखांकात करू.